सुईचा कौल

"देवाक इचारूया," सासूबाई म्हणाल्या आणि सुरमईचं डोकं त्यांनी माझ्या ताटात वाढलं.

सुरमईचं डोकं ही आमच्या घरात साधी गोष्ट नव्हती. ते ज्याच्या ताटात पडेल त्याची त्या दिवशी घरात चलती. एरवी तो मान उल्हासचा, म्हणजे माझ्या नवऱ्याचा. त्यानं एकदा माझ्या ताटाकडे बघितलं, एकदा आईकडे बघितलं आणि मुकाट्यानं शेपटीकडचा तुकडा पुढ्यात ओढून घेतला.

"काय इचारूचा देवाक, आये?"

"सुई घेवची काय नको घेवची, ता."

"ह्या डॉक्टरचा काम आसा. देव काय सांगतलो त्येच्यात?"

"डॉक्टरीण सांगता, तुमी ठरवा. तू सांगतंस, ही ठरवात. ही सांगता, तुमी म्हणशात तसा. मगे उरलो कोण? देवच उरलो मां?" सासूबाईंनी सोलकढीची वाटी तोंडाला लावली आणि विषय संपवला.

आम्ही दोघं मान खाली घालून जेवलो. त्या दिवशी ते डोकं मला नीट चावून खाताही आलं नाही, याची हळहळ मला आजही वाटते.

या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. मी तेव्हा अडतीस वर्षांची होते आणि कुडाळजवळच्या एका हायस्कुलात गणित शिकवत होते. माहेर साताऱ्याकडचं, त्यामुळे लग्नाला एवढी वर्षं होऊनही गावात माझी ओळख 'उल्हास परबाची घाटावयली बायल' अशीच होती. दोनदा दिवस राहिले होते आणि दोन्ही वेळा तिसऱ्या महिन्यात सगळं संपलं होतं. दुसऱ्या वेळी शेजारच्या सुलोचनाकाकूंनी कारण शोधून काढलं. मी म्हणे शाळेचा जिना फार चढते-उतरते. पुढं कितीतरी दिवस त्या जिन्यावर पाय ठेवताना मला चोरी केल्यासारखं वाटायचं. सासूबाई मात्र तेव्हा चकार शब्द बोलल्या नव्हत्या. त्यांच्या त्या गप्प बसण्याची मला सुलोचनाकाकूंच्या जिभेपेक्षा जास्त भीती होती.

या तिसऱ्या खेपेला चौथा महिना सुखरूप सरला. मग रक्ताची तपासणी झाली आणि डॉक्टर कामतबाईंनी आम्हाला समोर बसवलं. बाळाला डाऊन सिंड्रोम असण्याची शक्यता आहे, असं त्या म्हणाल्या, नव्वदात एक. म्हणजे बाळाची वाढ, समज, सगळंच वेगळं असेल. नक्की कळायचं तर पोटातून सुई घालून गर्भाभोवतीचं थोडं पाणी काढायचं आणि तपासायला पाठवायचं. गोव्यात मोठ्या हॉस्पिटलात ते होतं. पण त्या सुईनंच गर्भ पडण्याचीही थोडी शक्यता असते, दोनशेत एखादा.

"कळल्यावर काय करणार, हेही घरी बोला," बाई म्हणाल्या. "मी सांगणार नाही. तुमचं तुम्ही ठरवायचं. पण आठवडाभरात ठरवा."

नव्वदातला एक मोठा की दोनशेतला एक मोठा, हे सातवीतलं पोरही सांगेल. फळ्यावर मीच हजारदा शिकवलं होतं. पण फळ्यावरच्या अपूर्णांकाला हातपाय नसतात. माझ्या पोटातला अपूर्णांक नुकताच हलायला लागला होता.

खरं सांगायचं तर मला सुई हवी होती. काय असेल ते मला कळायला हवं होतं. कळल्यावर मी काय करणार होते ते माझं मलाही ठाऊक नव्हतं, पण काही न कळता पुढचे महिने काढणं माझ्यानं होणार नव्हतं. मात्र 'हवी' असं म्हणायची छाती होत नव्हती. सुईनं काही बरंवाईट झालं असतं तर या खेपेला जिन्यावर ढकलून भागलं नसतं. घाटावयलीनं हट्टानं पोटात सुई टोचून घेतली आणि हातातलं घालवलं, असं गाव म्हणालं असतं. गावाचं एक वेळ सोडून देऊ. सासूबाई पुन्हा गप्प बसल्या असत्या.

म्हणून मी नवऱ्याला म्हणायची, "तुम्ही म्हणाल तसं." तो म्हणायचा, "तू म्हणशील तसं." पाहुण्यांनी बशीतलं शेवटचं भजं एकमेकांकडे सरकवत राहावं, तसं आमचं चाललं होतं, आणि ते भजं उचलायची इच्छा दोघांच्याही मनात होती.

आमच्या गावचा देव रवळनाथ. त्याला काही विचारायचं तर कौल लावतात. गुरव गाऱ्हाणं घालतो आणि देवाच्या पाषाणावर उजव्या-डाव्या अंगाला फुलाची एकेक ओली पाकळी चिकटवतो. उजवी पडली तर हो, डावी पडली तर नाही. विहीर कुठं खणायची, मुलगी कुठल्या घरी द्यायची, हरवलेली म्हैस शोधायला डोंगरात जायचं की नदीकडं, सगळ्याला हाच उपाय. लग्न होऊन आल्यापासून मी हे कौतुकानं बघत आले होते. पण हाडाची शिक्षिका नुसतं कौतुक करून थांबत नाही, ती निरीक्षणही करते. पाकळी पाण्यानं चिकटते. जी कमी ओली, ती आधी सुटते. यात देवाचा हात किती आणि गुरवाचा किती, हे मी केव्हाच ताडलं होतं.

कौल सोमवारी ठरला. शनिवारी सकाळची शाळा सुटली, तशी मी एक चांगला सोललेला नारळ पिशवीत घातला आणि पदर सावरत बाबल गुरवाच्या घराची वाट धरली.

त्याच्या दगडी गडग्यापाशी पोचले आणि पाय जागीच थांबले. अंगणाबाहेर उल्हासची स्कूटर उभी होती.

आता पोटुशी बाई, त्यात गावच्या शाळेतली मास्तरीण, दुसऱ्याच्या गडग्याला कान लावून उभी राहिली तर ते बरं दिसत नाही. म्हणून मी शेजारच्या फणसाच्या झाडाआड उभी राहिले. तिथून ऐकूही चांगलं येत होतं.

"कोणाक सांगू नको हां, बाबल," उल्हास सांगत होता. "डावी पाकळी जरा सुकी लाव. इतक्याच."

"देवाच्या कामात लबाडी करतंस, उल्हास?"

"लबाडी नाय रे. मदत."

"आवशीक कळला तर तुझा काय खरा नाय."

"तिका कित्याक कळतला?" मग त्याचा आवाज निराळाच झाला. "घाबारलंय रे मी. दोनदा झाला ता. दोनदा तिका तशी बघलंय. आता सुई घालून काय झाला तर माझ्यान सोसवचा नाय."

घरी दहादा खोदून विचारलं तरी हा माणूस 'तू म्हणशील तसं' म्हणून कूस बदलत होता, आणि गुरवापुढं एका नारळात सगळं ओकून मोकळा झाला! मला भडभडून आलं. रागही तितकाच आला. दोन्ही एकदम आलं की माणसाचं डोकं कसं चालतं कोण जाणे. मी वाकून त्याच्या स्कूटरच्या मागच्या चाकातली हवा सोडली आणि पुन्हा फणसाआड जाऊन उभी राहिले.

तो बाहेर आला, चाकाकडे बघितलं, आभाळाकडे बघितलं, आपल्या नशिबाला मालवणीत दोन शब्द सुनावले आणि स्कूटर ढकलत निघून गेला. तो वळणाआड गेल्यावर मी अंगणात शिरले.

बाबल गुरव पडवीत सुपारी कातरत बसला होता. वाळलेल्या भेंडीसारखा किडकिडीत माणूस, पण आवाज असा की गाऱ्हाणं घालू लागला की तळ्यापलीकडे ऐकू जायचं. माझ्या पिशवीतून नारळाची शेंडी वर आली होती. ती बघून त्यानं सुस्कारा सोडला.

"बसा, मास्तरणीबाई. आदी एक सांगा. चेडू काय झिल, ता तर इचारूचा नाय मां? त्या कौलाक मी हात लावचंय नाय. कायदो आसा. देवाकव लागू आसा तो."

"नाही हो, बाबलकाका. मुलगा-मुलगी काही असो. बाळ धड आहे ना, एवढंच बघायचं आहे."

"मगे?"

मी इकडेतिकडे बघितलं. "कोणाला सांगू नका, पण उजवी पाकळी जरा कोरडी लावाल का?"

त्यानं अडकित्ता खाली ठेवला. "म्हणजे तुमका सुई होयी."

"हो," मी म्हणाले. इतक्या दिवसांत हा शब्द मी पहिल्यांदाच तोंडातून काढला होता, आणि तोही कोणापुढं, तर गुरवापुढं. "हवी आहे मला."

"भय नाय दिसणा तुमका?"

"वाटतं की. सुईचं वाटतं. पण काहीच न कळण्याचं त्याहून जास्त वाटतं."

"आणि?" तो म्हणाला. गुरवानं एवढी चौकशी कशाला करावी, हे तेव्हा माझ्या डोक्यात आलं नाही. एकदा बांध फुटला की पाणी कोण अडवतं?

"आणि सुईनं काही झालं, तर आई माझ्याशी बोलणार नाहीत, याचं वाटतं. मागच्या दोन्ही वेळी बोलल्या नव्हत्या. त्यांनी शिव्या घातल्या असत्या तर परवडलं असतं."

बाबल गुरवानं माझा नारळ घेतला आणि कानाशी धरून हलवून बघितला. "पाणी आसा," तो म्हणाला. एवढंच. ना हो, ना नाही. मी आपलं काम झालं असं समजून घरी आले. उल्हास अंगणात चाकात हवा भरत बसला होता. घामानं निथळत होता बिचारा. मी त्याला गूळपाणी नेऊन दिलं.

सोमवारी आम्ही मुद्दाम भर दुपारची वेळ धरली, कारण तेव्हा देवळात चिटपाखरू नसतं. आम्ही पोचलो तेव्हा देवळात अख्खी वाडी होती. एक जण उन्हातून जाता जाता सावलीला टेकला होता. दोन म्हातारे गेल्या वर्षीच्या जत्रेचा वाद घेऊन बसले होते. सुलोचनाकाकू वाती वळत होत्या. त्यांच्या घरच्या देवाला वर्षभर पुरतील एवढ्या वाती पुढ्यात पडल्या होत्या, तरी वळतच होत्या. कोणी आमच्याकडे बघत नव्हतं, म्हणजे सगळ्यांचं लक्ष आमच्याचकडे होतं.

बाबल गुरव पंचा सावरून देवापुढं उभा राहिला आणि त्यानं आवाज लावला.

"बा देवा म्हाराजा, रवळनाथा!"

"व्हय म्हाराजा!" सगळं देऊळ म्हणालं. सावलीला टेकलेलाही म्हणाला.

"आज ही परबांची सून तुझ्या पायाकडे इलीसा!"

"व्हय म्हाराजा!"

"तिच्या वटीत तू जा काय घातलंस, ता बरा आसा काय नाय ता बघूक गोव्याक जावन पोटात सुई घालूची आसा!"

"व्हय म्हाराजा!" हे जरा जास्तच जोरात आलं. आठवडाभर गावाला जे कुजबुजत ऐकावं लागत होतं, ते आता खुद्द देवाच्या साक्षीनं कळलं होतं.

"ती सुई घेवची आसात तर उजवो कौल दी, घेवची नसात तर डावो दी, आणि काय वाकडा आसात तर ता सरळ कर, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

मग त्यानं पाकळ्या घेतल्या. मी डोळ्यांत तेल घालून बघत होते. उजवी पाकळी त्यानं पाण्यात बुडवली, चांगली भिजवली आणि अंगठ्यानं दाबून दाबून पाषाणावर बसवली. चोर कुठला! नारळ घेतो आणि पाकळी भिजवतो! मी चोरून उल्हासकडे बघितलं. तो गालातल्या गालात हसत होता. मग बाबलनं डावी उचलली, तीही तशीच बुडवली, भिजवली आणि अंगठ्यानं दाबून दाबून बसवली. उल्हासचं हसू मावळलं. त्यानं माझ्याकडे बघितलं, मी त्याच्याकडे, आणि दोघांनीही घाईघाईनं देवाला हात जोडले.

पाकळ्या काही हलेनात.

वेळ जाऊ लागला. बाबल गुरव डोळे मिटून उभा. म्हाताऱ्यांचा वाद थांबलेला. एक माशी आली आणि डाव्या पाकळीच्या कडेवर बसली. उल्हास श्वास रोखून त्या माशीला बळ देत होता. माशी उडाली, पाकळी तिथंच. मी मनातल्या मनात पाणी वाळण्याचा वेग काढायला घेतला, पण गाभाऱ्यात गारवा होता, पावसाळ्यापर्यंत तरी त्या वाळायची चिन्हं दिसत नव्हती.

"देव बोलणा नाय," बाबल गुरव अखेर म्हणाला. "उद्या परत—"

"उद्याक येळ नाय," सासूबाई म्हणाल्या आणि उठल्या.

गुडघ्यावर हात देत, एकेक पाऊल टाकत त्या गाभाऱ्याच्या उंबऱ्यापाशी गेल्या. तिथं बायकांनी आत जायची चाल नव्हती. सासूबाईंनी तर आयुष्यात कधी त्या उंबऱ्यावर बोटसुद्धा टेकवलं नसेल.

"वैनीनू, खय चललास? आत बायका—"

"गप ऱ्हव, बाबल. तू जलमाक येवच्या आदी मी ह्या गावात सून म्हणान इलंय."

त्या आत गेल्या. त्यांची पाठ आमच्याकडे होती. रवळनाथापुढं त्या क्षणभर थांबल्या, हात जोडले, आणि मग उजव्या हाताचं बोट अंगठ्याला लावून, पोळीवरची मुंगी उडवावी तशी त्यांनी टिचकी मारली.

उजवी पाकळी खाली पडली.

सासूबाई वळल्या. "देव म्हातारो झालो," त्या अगदी सहज म्हणाल्या. "त्येका जरा हात देवक लागता. पडली मां उजवी?"

सगळ्यांच्या माना खाली पडलेल्या पाकळीकडे वळल्या.

"पडली मां?" त्यांनी पुन्हा विचारलं, आणि या खेपेला बाबल गुरवाकडे बघितलं. जन्मभराची सवय त्या माणसाला. त्याच्या तोंडून आपसूक निघालं, "व्हय म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळं देऊळ म्हणालं.

"आता नीट आयका. ही सुई माझ्या सांगण्यावरसून घेतली जातली. बरा झाला तर ता देवाचा. वायट झाला तर ता माझा. माझ्या सुनेचा नाव कोणाच्या तोंडाक इला तर माझ्याशी गाठ आसा. सुलोचना, तुका खास सांगतंय."

"व्हय म्हाराजा," सुलोचनाकाकू म्हणाल्या. त्यांच्या हातातली वात तुटली.

संध्याकाळी उल्हास माझ्याशेजारी येऊन बसला आणि खालमानेनं म्हणाला, "संजीवनी, मी शनिवारी बाबलकडे गेलो होतो."

"माहीत आहे."

"तुला कोणी सांगितलं?"

"कोणी नाही. चाकातली हवा मीच सोडली."

तो हसायला लागला, आणि हसता हसता त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. आम्ही दोघांनी त्या दिवशी जे बोलायचं ते सगळं बोलून घेतलं. कळल्यावर काय, तेही. त्याला सुईची भीती होतीच. पण घाबरलेला माणूस घाबरलोय म्हणून सांगतो तेव्हा त्याच्यासोबत घाबरायला तरी मिळतं.

गोव्याच्या हॉस्पिटलात सोबत एकालाच आत येऊ देत होते. उल्हास पुढं झाला, तर सासूबाईंनी त्याला कोपरानं मागं सारलं. "तू चक्कर येवन पडशीत. मगे तुका बघूचा काय हिका?" त्या आत आल्या आणि माझा हात धरून उभ्या राहिल्या. पडद्यावर बाळ दिसत होतं. डॉक्टरांनी सुई काढली तेव्हा मी डोळे मिटून घेतले. सासूबाई तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटत होत्या. नामस्मरण करत असतील म्हणून मी कान दिला. त्या रवळनाथाला दम देत होत्या. "बघ हां. नीट बघ. हयसर बघ, खय बघतंस?"

"ते बघा, हात हलवतंय," डॉक्टर म्हणाले.

"खयचो? माका दाखवा," सासूबाई म्हणाल्या, आणि माझा हात त्यांनी इतका आवळला की सुईपेक्षा तोच जास्त दुखला.

पुढचे दोन दिवस त्यांनी मला पाण्याचा तांब्यासुद्धा उचलू दिला नाही. तिसऱ्या दिवशी काही झालं नाही, चौथ्या दिवशीही नाही. बाळ हलत होतं. मग निकालाची वाट बघणं सुरू झालं. शाळेला सुट्टी लागली, फणस पिकले, रातांबे लाल झाले, तरी गोव्याहून फोन येईना. घरात फोन वाजला की तिघंही उठायचो आणि तिघंही एकमेकांना म्हणायचो, तू घे.

फोन आला तेव्हा मी आणि सासूबाई पडवीत कोकमासाठी रातांबे फोडत बसलो होतो. आत उल्हासनं फोन घेतला. बराच वेळ नुसतं "हां, हां" ऐकू येत होतं. मग तो दारात येऊन उभा राहिला.

"सांग रे मेल्या!" सासूबाई ओरडल्या.

"सगळा बरा आसा," तो म्हणाला. "गुणसूत्रां बरोबर आसत. काय दोष नाय." आणि चपला न घालताच तो अंगणातून धावत सुटला. बाबलला सांगायला गेला, हे मागाहून कळलं.

मी हमसून हमसून रडले. सासूबाईंनी माझे डोळे पुसले आणि त्यांच्या हातांचा सगळा लाल रस माझ्या गालांना लागला. मग त्यांनी स्वतःचेही डोळे पुसले. आम्ही दोघी शिमगा खेळून आल्यासारख्या दिसत होतो.

थोडं सावरल्यावर मी विचारलं, "आई, मला उजवीच हवी होती हे तुम्हाला कसं कळलं?"

"बाबलान सांगल्यान."

"बाबलकाकांनी? मी त्यांना कोणाला सांगू नका म्हटलं होतं!"

"तू कित्याय सांग. त्येच्या आदल्या दिवशीच मी जावन त्येका सांगलंय, माझी सून येतली, माझो झिल येतलो. कोण काय मागता ता नीट इचारून घे आणि माका येवन सांग. पाकळ्ये दोनव घट्ट बसव. फुडला माझा मी बघतंय."

माझ्या हातातला रातांबा तसाच राहिला. "म्हणजे तो कौल..."

"कौल तुका लावलेलंय. घरात इचारला तर सांगतंस, तुमी म्हणशात तसा. गुरवाकडे खोटा कोण बोलता?"

"एवढ्यासाठी देवाला वेठीला धरलंत?"

"बसलेलो आसता तो. त्येका काय दुसरा काम आसा?" त्यांनी एक रातांबा फोडला, बिया बाजूला केल्या. "पाच बाळंतपणा झाली माझी. दोन पोरां गेली. सासू सांगी तसा करूचा, सुईण सांगी तसा करूचा. तुका काय होया, म्हणान माका एकदाव कोणी इचारूक नाय. पोरां गेली तेवा मात्र सगळ्यांका तोंड फुटला. माझी सासू काय काय बोलली ता अजून माझ्या कानात आसा. तेवाच मी ठरवलेलंय, माझ्या सुनेक असल्या वक्ताक अवाक्षर बोलूचा नाय."

इतकी वर्षं मी ज्याला राग समजून भ्यायले होते, ते हे होतं. मला पुन्हा भरून आलं. मग मनात आलं ते विचारून टाकलं.

"आणि तुम्हाला, आई? तुम्हाला काय हवं होतं? सुई हवी होती की नको?"

"माका?" त्या म्हणाल्या. हातातलं काम थांबलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग अंगणाकडे, मग पुन्हा माझ्याकडे.

"नको होती गो," त्या हळूच म्हणाल्या. "सुईचा नाव काढला काय माझ्या पोटात गोळो येय."

"मग ती टिचकी कशी मारलीत?"

"डोळे मिटून," त्या म्हणाल्या आणि त्यांनी पुढचा रातांबा उचलला.